पट्टीवरची ऊब

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सुमनआत्याचं नाव घेतो. ती माझी सख्खी आत्या नव्हे. बारामती तालुक्यातलं कऱ्हाटी हे तिचं माहेर आणि माझं गाव, एवढंच नातं. पण आमच्याकडं गावची लेक ही आत्याच असते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दहावी झाल्यावर तिनंच माझ्या आईला सांगितलं, "पोराला माझ्याकडं धाड, तिकडं शाळा चांगली हाय," आणि मी वालचंदनगरला त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो तो पदवी हातात घेऊनच बाहेर पडलो. आज मी इंदापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. हा लेख मात्र आत्याचे यजमान, आमचे आबा, यांच्याविषयी आहे. आबा जाऊन आता काही आठवडे झाले. आत्यानं सांगितल्यावरून नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती आणि थंडी जायचं नाव घेत नव्हती. कॉलेजमधला शेवटचा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आलो, तेवढ्यात आत्याचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "किरण, आबा उठंनात रं. च्या ठिवला हुता, त्यो बी गार झाला." मी विचारलं, झोपलेत का? "झोपल्यातच की. दुपारधरनं झोपल्यात. हलवलं तरी उठंनात..." मी बारामतीजवळ जळोचीला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर येऊन, बघून, गेले होते. आबांच्या चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती. जमलेला प्रत्येक माणूस म्हणत होता की सुटले, झोपेत गेले, असं मरण मागून मिळत नाही. मीही तेच म्हणालो. त्या दिवशी मला तेवढंच दिसत होतं.

आबा कारखान्यात टर्नर होते. सगळी नोकरी लोखंड कातायच्या लेथ मशीनसमोर उभं राहून गेली, त्यामुळं पाठ कायमची दुखरी. पण दुखतं म्हणून बोलून दाखवणं त्यांना पटत नसे. आत्या कधी म्हणाली, अहो साहेबांना सांगा, जरा बसायचं काम मागा, तर म्हणायचे, "कुणाला सांगायचं? लेथला?" मी अकरावीला असल्यापासून ते मला मास्तर म्हणायचे. मास्तर होईन की नाही याची मला खात्री नव्हती, त्यांना मात्र कधी शंका आली नाही. परीक्षेच्या दिवसांत पहाटे अभ्यासाला बसलो की शेजारी न बोलता चहाचा कप ठेवून ड्युटीवर जायचे. भोंगा वाजला की मला वाटायचं, आता आबा उभे राहिले, आता पाठ दुखायला लागली असेल.

त्या घरात दुखण्याला दोन इलाज होते. एक आबांचा, स्टीलच्या डबीतल्या गोळ्या. पॅरासिटामॉलची पांढरी गोळी, आणि पाठ फारच धरली तर दुकानातून आणलेली दुसरी, जोरकस. दुसरा इलाज आत्याचा, म्हणजे शेक. मागच्या दारी पाणी तापवायचा बंब असे. त्याच्या निखाऱ्यात ती वीट तापवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायची आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. गालाला सोसलं तरच ती वीट दुसऱ्याच्या अंगाला लागायची. माझा पाय मुरगळला तेव्हा तिनं रुईच्या पानांना तेल लावून, तव्यावर गरम करून बांधली होती. घोट्याला चढत जाणारी ती ऊब अजून आठवते. आईपासून लांब राहिलेल्या पोराला तेवढ्यानंही रडू यायचं.

मी बीएस्सीला असताना एकदा मोठ्या उत्साहानं आबांना वेदनाशामकांची रसायनं समजावून सांगायला बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ह्या गोळीला कळतं कसं, माझी पाठ कुठं हाय?" मी म्हणालो, तिला काही कळत नाही. ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. जिथं सूज असते तिथं शरीर दुखणं वाढवणारी द्रव्यं तयार करतं, ती तयार होणं गोळी थांबवते, म्हणून तिथं बरं वाटतं. आबांनी लगेच पुढचं विचारलं. "आन जितं दुखत न्हाय, तितं ही बया काय करती?" मी पुस्तकात होतं ते सांगितलं. तीच द्रव्यं पोटाचं अस्तर राखतात, मूत्रपिंडाला रक्त पोचवतात. तिथंही ती थांबतात. आबा हसले, "म्हंजी चोराला धरायला आली आन वॉचमनला बी घिऊन गेली." आत्या आतून म्हणाली, "म्हणून म्हंते, शेक घ्या. शेक काय घिऊन जात न्हाय." आम्ही तिघं हसलो. तेव्हा ते खरंच होतं.

निवृत्तीनंतर दोघं जळोचीला छोटंसं घर बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आबांची पाठ वेगळीच दुखायला लागली. आधी नेहमीची पांढरी गोळी. तिच्यानं भागेना म्हणून ती जास्त वेळा, वर दुकानातली जोरकस. त्या जोरकस गोळीतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं आणि दोन्ही मिळून यकृतावर दुप्पट भार पडतो, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. मग छातीत जळजळ, मग पायांवर सूज. आत्या शेक देत होती, आबा गोळ्या घेत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की हे लेथचंच दुखणं आहे. बारामतीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. गोळ्यांनी मूत्रपिंडं दमवली होती; आणि ज्या दुखण्यासाठी गोळ्या चालल्या होत्या ते प्रोस्टेटच्या कर्करोगाचं होतं, मणक्यांत उतरलेलं. दुकानातल्या गोळ्या त्या दिवशीच बंद झाल्या. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की या गोळ्या वाईट नसतात, चार दिवसांच्या दुखण्याला देवासारख्या धावून येतात, पण त्यांना घरात कायम राहायला ठेवू नये.

पुढची पायरी ट्रॅमाडॉल नावाच्या गोळीची. तिनं काही दिवस बरे गेले, पण गरगरायचं, शौचाला होईना. मग वेदनाशमनाच्या डॉक्टरबाईंनी मॉर्फिनचं नाव काढलं आणि आत्यानं माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ते शेवटचं आसतंय ना रं? ते दिल्यावर मानूस ऱ्हात न्हाय म्हंत्यात." तिच्या भावकीत कुणालातरी शेवटच्या दिवसांत ते दिलं होतं, आणि तेव्हापासून त्या औषधाचा आणि मरणाचा संबंध तिच्या मनात पक्का झाला होता. मी तिला परत आत नेलं. आबांनी डॉक्टरबाईंनाही आपला जुना प्रश्न विचारला, ह्याला कळतं कसं माझी पाठ कुठं आहे? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे पाठीकडं जातच नाही, आबा. पाठ ओरडतेच आहे. तिची हाक मणक्यातून मेंदूकडं जाते, त्या वाटेवर हे औषध बसतं आणि हाक पुढं जाऊ देत नाही." त्यांनी हेही सांगितलं की याच औषधाचा हात श्वासावरही असतो. हळूहळू वाढवत नेलं तर शरीर सवय करून घेतं, श्वासाला धक्का लागत नाही. एकदम जास्त गेलं तर आधी झोप चढते, मग श्वास मंद होत जातो. म्हणून मात्रा आम्ही ठरवणार, घरात कुणी नाही. आबा म्हणाले, "लेथचा पन आसाच कायदा हाय. स्पीड मास्तरनं लावायचा, हेल्परनं न्हाय."

मॉर्फिन सुरू झालं आणि आबा परत माणसांत आले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी या औषधाला घाबरू नये. दिवाळीच्या सुमारास ते अंगणात बसून शेजाऱ्याचा बिघडलेला पंप उघडून बघत होते, आत्याला चिडवत होते, मला वर्गातल्या मुलांची नावं विचारत होते. काही काळानं मात्र उलट्या सुरू झाल्या, पोटात गोळी टिकेना. तेव्हा बाईंनी मॉर्फिनच्याच जातीच्या, पण त्याहून जोरकस अशा फेंटानिलची पट्टी दिली. बोटभर पारदर्शक तुकडा, दंडावर किंवा छातीवर चिकटवायचा आणि तीन दिवसांनी बदलायचा. त्यातलं औषध कातडीतून झिरपत, सावकाश, सारख्या गतीनं रक्तात उतरतं. चिकटवायला सोपी, दिसायला साधी. आत्याचा तिच्यावर विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडं बघून भीतीही वाटली नाही. मॉर्फिनच्या नावाला ती घाबरली होती. ही तर कंबर धरल्यावर लावतात त्या पट्टीची धाकटी बहीण दिसत होती.

जानेवारीच्या थंडीत दुखणं परत डोकं काढायला लागलं, विशेषतः पट्टीच्या तिसऱ्या दिवशी. दवाखान्याची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. मी रविवारी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. आबा कुशीवर झोपले होते, तोंड जरा उघडं, घोरणं खोल आणि लांब. एक श्वास झाला की दुसरा यायला वेळ लागायचा... आत्या स्वयंपाकघरातून फडक्यात गुंडाळलेली वीट घेऊन आली. गालाला लावून बघितली आणि आबांच्या पाठीला लावली. मला म्हणाली, "बघ कसं निवांत झोपल्यात. काल मला म्हनलं, सुमन, आज कायच दुखत न्हाय." तिच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी समाधान होतं. मी जवळ बसून राहिलो. एकदा आबांनी डोळे उघडले, मला पाहिलं, म्हणाले, "मास्तर... पोरं बसलीत का वर्गात?" आज रविवार आहे आबा, असं मी म्हणालो. "मग तू बस," एवढं म्हणून परत झोपले. आमची शेवटची भेट ती. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला.

दहाव्याचे विधी कऱ्हेच्या काठी झाले आणि सगळे जळोचीच्या घरी परतले. आत्याचा भाऊ बाळूतात्या कऱ्हाटीहून आला होता. वांगी-टोमॅटोची शेती, त्यामुळं त्याची कंबर सदाची वाकलेली. जेवणं झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला, आणि आत्यानं कपाटातून एक पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. म्हणाली, "ह्यांच्या राहिल्यात ह्या पट्ट्या. लई महागाच्या हायेत, वाया कशाला घालायच्या. जितं दुखतंय तितं लाव. आन नुसती लावू नको, वरनं वीट तापवून शेक दे. मग लगेच लागू हुती. मी ह्यांना तसंच करायची."

मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. शेकाबद्दल तिनं सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता, आणि भीती त्याचीच होती. ऊब दिली की साखर लवकर विरघळते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, कुठलाही पदार्थ जास्त वेगानं आत जातो, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. मी तात्याला म्हणालो, ते पाकीट मला द्या. तात्या म्हणाला, "का रं? तुझी बी कंबर गेली व्हय मास्तरकी करून?" लोक हसले. मी अंगणात जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला आणि फक्त तात्याचं विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या. ज्याच्या शरीराला या औषधाची सवय नाही त्याला एक पट्टीसुद्धा झोपेतच नेऊ शकते, आणि तिच्यावर गरम काही ठेवलं तर तीन दिवसांचं औषध काही तासांत उतरायला लागतं. पट्टी दुखऱ्या जागी लावायची नसतेच. "मी प्रत्येक घराला सांगते, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उन्हात बसवू नका. पट्ट्या आजच परत आणा," असं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांनी आबांना शेक दिला होता का?" मी हो म्हणालो. "आजच आणा," असं त्यांनी परत एकदा सांगितलं आणि फोन ठेवला.

मी आत आलो आणि तात्याच्या हातातून पाकीट घेतलं. बाई काय म्हणाल्या ते सगळ्यांसमोर, जमेल तितक्या हलक्या आवाजात सांगितलं. तात्यानं पाकीट धरलेला हात धोतराला पुसला. आत्या मात्र माझ्याकडं बघत राहिली. "पिशवी ठिवू नका म्हनल्या हुत्या," ती सावकाश म्हणाली. "पिशवी न्हवतीच आपल्याकडं. ही तर वीट हुती." मग ती म्हणाली, "किरण, मग ह्यांचं...?" तेवढ्यात दारात गावाकडची माणसं आली, बायकांनी तिला जवळ घेतलं, रडणं सुरू झालं. मला त्या रडण्याचा आधार वाटला, आणि मी पट्ट्या दवाखान्यात पोचवायला निघालो.

त्यानंतर मी रोज फोन करायचो. ती जेवलास का विचारायची, वर्गातली पोरं कशी आहेत विचारायची, तो प्रश्न परत विचारायची नाही. पंधरवड्यानं तात्या मला म्हणाला, "बहिणीचं काय खरं न्हाय गड्या. एवढ्या गारठ्यात गार पान्यानं आंघुळ करती. च्या बी गार झाल्यावर पिती. मी म्हनलं, बंब पेटवून देऊ का, तर माझ्याकडं बघंना." मी ते ऐकून घरी आलो आणि लिहायला बसलो. फोनवर मला ते सांगता आलं नसतं. पत्र पोचल्यावर तिचा फोन आला, चार शब्दांचा. "पत्र पेपरात दे. मी तात्याच्या हातात पट्ट्या दिल्या हुत्या, तशा अजून कोन देत आसंल." गार पाण्याचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तिनं सांगितलं म्हणून ते पत्र जसं लिहिलं होतं तसं देतो.

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार.

दहाव्याच्या दिवशी तू मला अर्धाच प्रश्न विचारलास. उरलेला मला कळला होता. मी पाहुण्यांच्या गर्दीत लपलो, पण तू लपली नाहीस, उबेलाच शिवेनाशी झालीस, हे तात्यांकडून कळलं.

मी डॉक्टरबाईंना जाऊन भेटलो आणि सरळ विचारलं. त्यांनी जे सांगितलं तेच लिहितो. आबांचा आजार पुढं गेलेला होता, फार दिवस हातात नव्हते. त्या अवस्थेत माणूस झोपेत जातो, पट्टी नसली तरी जातो. पण पाठीला लावलेल्या पट्टीवर वीट ठेवल्यानं औषध जास्त गेलं असणार, हेही खरं. रविवारी आपण दोघांनी जी गाढ झोप बघितली, ती त्याचीच खूण असू शकते. शेकामुळं आबा लवकर गेले का, याला उत्तर "गेले असतील" असं आहे. किती लवकर, ते कुणालाच सांगता येणार नाही. बाई म्हणाल्या, आपण सांगितलेलं घराघरांत कसं पोचतं ते आम्हीही आता नव्यानं शिकतोय. पुढच्या प्रत्येक माणसाला त्या वीट, वाळू, रुईचं पान अशी नावं घेऊन सांगणार आहेत.

फोनवर मला "नाही" म्हणणं सोपं होतं. मी शिकलेला आहे म्हणून तू विश्वास ठेवला असतास. पण मला शिकवलंस तू. ते शिक्षण तुझ्याशी खोटं बोलायला वापरायचं, हे मला जमेना. तू मला या पत्राबद्दल रागावलीस तरी चालेल.

आता माझं एक ऐक. आबा शेवटच्या दिवसांत तुला म्हणाले, आज काहीच दुखत नाही. ते औषधानं झालं आणि तुझ्या हातानंही झालं, मला ते वेगळं काढता येत नाही. तू वीट आधी स्वतःच्या गालाला लावत होतीस. ज्याला मारायचं असतं त्याच्यासाठी कुणी गाल भाजून घेत नाही.

तात्यांची कंबर दुखते. त्यांच्या अंगावर कसली पट्टी नाही, मी नीट विचारलं आहे. त्यांना शेक चालतो.

रविवारी सकाळी येतो. मी येईपर्यंत बंब पेटवलेला असू दे. आधी तू कढत पाण्यानं अंघोळ कर, मग आपण चहा घेऊ.

तुझा,
किरण